झोपेत अडलेला श्वास आणि रक्तातला आकडा

विशेष प्रतिनिधी

अमरावती/अकोला : 'सीआरपी' हे तीन अक्षरांचे नाव वऱ्हाडातल्या घराघरांत पोहोचले ते २०२१ च्या फेब्रुवारीत. करोनाच्या दुसऱ्या लाटेची चाहूल राज्यात ज्या भागांत आधी लागली, त्यांत अमरावती आणि अकोला हे जिल्हे होते. अमरावती, अचलपूर, अकोला येथे टाळेबंदी लागली आणि रुग्णालयांच्या दारात ताटकळणाऱ्या नातेवाइकांच्या हाती सीआरपी, फेरिटिन, डी-डायमर, आयएल-६ अशा तपासण्यांच्या चिठ्ठ्या पडू लागल्या. आकडा चढला की काळजाचा ठोका चुकायचा आणि उतरला की जीव भांड्यात पडायचा. साथ ओसरली, पण रक्तातील प्रथिनाच्या आकड्यावर बसलेला विश्वास मात्र ओसरला नाही. संपूर्ण शरीर तपासणीच्या पॅकेजांतून हाच सीआरपी आता 'हाय सेन्सिटिव्हिटी' हे विशेषण लावून पुन्हा घरोघरी येत आहे. हृदयविकाराचा धोका त्यावरून जोखतात, तर झोपेत श्वास अडण्याचा विकार, म्हणजे 'ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया', तोही रक्तावरून ओळखता येणार नाही का, असा प्रश्न त्यामुळे साहजिकच पुढे येतो.

या प्रश्नाचे आजचे उत्तर 'नाही' असे आहे. परंतु ते का, हे समजून घेणे अगत्याचे आहे. कारण रक्ताचा अहवाल चांगला आला म्हणून निश्चिंत झालेला घोरणारा माणूस दुसऱ्या दिवशी पहाटे गाडीच्या चाकामागे बसलेला असतो.

आधी विकाराचे स्वरूप पाहू. गाढ झोपेत जीभ आणि घशाचे स्नायू सैल पडतात. काहींच्या बाबतीत ते इतके सैल पडतात की श्वासाची वाट मिटते. छाती आणि पोट हवा ओढण्याची धडपड करीत असतात, पण हवा आत जात नाही. असा अडथळा किमान दहा सेकंद टिकला तर वैद्यकशास्त्र त्याला 'अ‍ॅप्निया' म्हणते. रक्तातील प्राणवायू घसरतो, मेंदूला धोक्याची जाणीव होते, तो क्षणभर जागा होतो, मोठ्या घोरासरशी श्वास सुटतो आणि चक्र पुन्हा सुरू होते. तासाला अशा पाचांहून कमी घटना घडत असतील तर त्या सर्वसाधारण मानतात. पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम आणि तिसांच्या पुढे तीव्र विकार. म्हणजे तीव्र विकाराचा रुग्ण आठ तासांच्या झोपेत अडीचशे वेळा गुदमरतो आणि सकाळी त्याला त्यातले एकदाही आठवत नाही. आठवते ते त्याच्या पत्नीला. उन्हाळ्यात गच्चीवर झोपण्याची रीत अजून टिकून असलेल्या आपल्या गावांत कधी कधी शेजाऱ्यांनाही.

आता प्रथिनांचा संबंध कोठे येतो ते पाहू. प्राणवायू खाली जाणे आणि पुन्हा वर येणे हा झोका रात्रभर चालला की पेशींना तो एक प्रकारचा मारच असतो. प्राणवायू कमी झाल्याचे पेशींना कसे कळते, या संशोधनासाठी विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. या झोक्यामुळे दाह निर्माण करणारी यंत्रणा जागी होते, इंटरल्युकिन-६ आणि टीएनएफ-अल्फा ही संदेशवाहक प्रथिने वाढतात आणि इंटरल्युकिन-६ च्या इशाऱ्यावर यकृत सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन, अर्थात सीआरपी, तयार करू लागते. हे प्रथिन नवे नाही. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांनी न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते १९३० मध्ये शोधले. न्यूमोनियाच्या जंतूच्या 'सी' नावाच्या शर्करेशी ते जोडले जाते म्हणून हे नाव.

स्लीप अ‍ॅप्नियाच्या रुग्णांत हे प्रथिन वाढलेले असते, असे अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २००२ मध्ये 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात मांडले. पाठोपाठ २००३ मध्ये जपानी संशोधकांनी त्याच नियतकालिकात आणखी एक पाऊल पुढे टाकले. रात्री नाकावाटे दाबाने हवा देणारे 'सीपॅप' यंत्र महिनाभर वापरल्यावर सीआरपी आणि इंटरल्युकिन-६ दोन्ही खाली आले, असा त्यांचा निष्कर्ष होता. विकाराबरोबर वाढते आणि उपचाराबरोबर उतरते, म्हणजे हा तर अचूक दर्शक, असे त्या वेळी वाटणे स्वाभाविक होते. यावरच विषय थांबला असता तर आज प्रत्येक पॅथॉलॉजी लॅबच्या दरपत्रकात 'स्लीप अ‍ॅप्निया प्रोफाइल' दिसले असते.

विषय थांबला नाही तो चरबीमुळे. स्लीप अ‍ॅप्नियाचे बहुसंख्य रुग्ण स्थूल असतात, आणि पोटातील चरबी हा निष्क्रिय साठा नसून ती स्वतःच इंटरल्युकिन-६ स्रवते. मग रक्तातला सीआरपी श्वास अडल्यामुळे वाढला की पोट सुटल्यामुळे? अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या झोपेचा वर्षानुवर्षे अभ्यास होत आला आहे. तेथील माहितीवर आधारलेल्या २००७ च्या एका संशोधनात, स्थूलता हिशेबात घेतल्यावर झोपेतील श्वासविकार आणि सीआरपी यांचा संबंध उरलाच नाही. त्याहून निर्णायक प्रयोग २०१४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. स्थूल, मध्यम ते तीव्र स्लीप अ‍ॅप्निया असलेल्या आणि सीआरपी वाढलेल्या १८१ जणांचे तीन गट करण्यात आले. एकाला फक्त सीपॅप, दुसऱ्याला फक्त वजन घटविण्याचा कार्यक्रम, तिसऱ्याला दोन्ही. चोवीस आठवड्यांनंतर वजन घटविणाऱ्या दोन्ही गटांत सीआरपी उतरला. फक्त सीपॅप वापरणाऱ्यांत तो उतरला नाही. श्वास मोकळा झाला तरी आकडा जागचा हलला नाही, याचा अर्थ तो आकडा प्रामुख्याने श्वासाचा नव्हताच.

हा निष्कर्ष भारतीय माणसाला, आणि मराठी माणसाला तर विशेषच लागू पडतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनच्या डॉ. जॉन यडकिन यांच्यासमवेत स्वतःचे छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापले होते. उंची-वजनाच्या गुणोत्तराचा, म्हणजे बीएमआयचा आकडा दोघांचाही सारखाच, २२.३. शरीरातील चरबी मात्र यडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. वरून सडपातळ आणि आतून चरबीयुक्त असा हा भारतीय देह. त्यामुळे 'माझे वजन तर प्रमाणात आहे, मग सीआरपी वाढला तो घोरण्यामुळेच असणार' असा तर्क आपल्याकडे टिकत नाही. वजनकाट्याला न दिसलेली चरबी रक्ताच्या अहवालात दिसत असण्याची शक्यता येथे पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आहे.

याखेरीज वऱ्हाडाची म्हणून काही कारणे आहेत. पावसाळा सरता सरता डेंग्यू, चिकनगुनिया, स्क्रब टायफस यांचे रुग्ण आपल्या जिल्ह्यांत दरवर्षी निघतात. प्रत्येक तापात दाहाची प्रथिने वर जातात आणि चिकनगुनियाची सांधेदुखी तर महिनोन्‌महिने रेंगाळते. हिरड्यांच्या जुनाट दाहानेही सीआरपी वाढतो. खर्रा आणि तंबाखूने दाताहिरड्यांची काय दशा केली आहे, हे वेगळे सांगायला नको. हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी लिटरमागे एक मिलिग्रॅमच्या आत असेल तर हृदयविकाराचा धोका कमी, एक ते तीन मध्यम, तिनाच्या वर जास्त, अशी वर्गवारी अमेरिकी संस्थांनी २००३ मध्ये केली. दहाच्या वर आकडा गेला तर तो संसर्ग वा दुखापतीचा समजून काही आठवड्यांनी पुन्हा तपासावा, असेही सोबत म्हटले होते. पॅकेजच्या छापील अहवालात लाल अक्षरांतला आकडा असतो, ही तळटीप सहसा नसते.

एका प्रथिनावर भागत नाही म्हणून संशोधक आता शेकडो प्रथिनांचा एकत्रित ठसा शोधू लागले आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठाशी निगडित संशोधकांनी अलीकडच्या वर्षांत रक्तातील सुमारे तेराशे प्रथिने एकाच वेळी मोजून, त्यांतील काही डझनांच्या मेळावरून स्लीप अ‍ॅप्नियाचा अंदाज बांधण्याचा प्रयत्न केला. दिशा आशादायक आहे. पण झोपेच्या दवाखान्यात आलेल्या, म्हणजे आधीच संशयित असलेल्या लोकांत विकार ओळखणे वेगळे आणि जठारपेठेतल्या किंवा बडनेऱ्यातल्या कोणत्याही पन्नाशीच्या माणसाचे रक्त घेऊन निदान करणे वेगळे. अशी चाचणी नित्याच्या वैद्यकीय वापरात आलेली नाही.

एका रक्तप्रथिनाचा मात्र येथे आवर्जून उल्लेख केला पाहिजे, तो हिमोग्लोबिनचा. विदर्भात, आणि मेळघाटच्या परिसरातही, सिकलसेलचा आजार आहे. या आजारातील हिमोग्लोबिन प्राणवायू घटला की एकमेकांना चिकटून लांब धागे बनवते, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. ज्या मुलाला सिकलसेल आहे आणि टॉन्सिल वाढल्यामुळे ज्याचा श्वास रात्री अडतो, त्याच्या बाबतीत प्राणवायूचा हा रोजचा झोका म्हणूनच अधिक काळजीचा. केंद्राने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. त्यात रक्ताची चाचणी मोठ्या प्रमाणावर होत आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. पण सिकलसेल असलेल्या मुलाच्या आईला 'हा रात्री घोरतो का, तोंड उघडे ठेवून झोपतो का' एवढे विचारायला कोणतेही उपकरण लागत नाही.

हिमोग्लोबिनची दुसरी बाजू स्त्रियांच्या संदर्भातली आहे. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, असे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने दाखविले. त्यामुळे एखादी बाई 'थकवा येतो, सकाळी डोके दुखते, दिवसभर पेंग येते' असे म्हणाली की लोहाच्या गोळ्या हे ठरलेले उत्तर असते. बहुतेकदा ते बरोबरही असते. परंतु रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांत स्लीप अ‍ॅप्नियाचे प्रमाण वाढते आणि तेव्हाही त्यांच्या थकव्याचे खापर रक्तावरच फुटते. शिवाय नवरा घोरतो हे बायको चारचौघांत सांगते, बायको घोरते हे नवऱ्यानेही सांगायचे नसते आणि तिने तर नाहीच नाही.

हा विकार किती पसरलेला आहे, याचा अंदाज राज्यातीलच एका जुन्या अभ्यासावरून येतो. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ३५ ते ६५ वयाच्या, नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेल्या पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्यात झोपेतील श्वासविकाराचे प्रमाण १९.५ टक्के, तर विकारासोबत दिवसाची झोपाळू अवस्था असलेल्यांचे प्रमाण ७.५ टक्के निघाले. हे आजारी म्हणून आलेले लोक नव्हते, हे लक्षात घ्यावे. दिल्लीच्या 'एम्स'मधील डॉक्टरांनी देशभरातील अभ्यास एकत्र करून २०२३ मध्ये जो अंदाज मांडला, त्यानुसार सुमारे ११ टक्के भारतीय प्रौढांना, म्हणजे दहा कोटींहून अधिक लोकांना हा विकार आहे. पुरुषांत १३ टक्के, स्त्रियांत ५ टक्के.

या आकडेवारीचा रस्त्याशी थेट संबंध आहे. अमरावती ते अकोला हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३, ज्याला जुनी मंडळी अजून सहा नंबरचाच म्हणतात, जून २०२२ मध्ये जगाच्या नकाशावर आला. लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड अंथरला गेला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. पुढे त्याच वर्षी ११ डिसेंबरला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला. तो अमरावती जिल्ह्यातून जातो. ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरची ही सगळी वाट खुली झाली. सरळ, गुळगुळीत, वळण नसलेला रस्ता हा डुलकीला आमंत्रणच असतो. जुन्या रस्त्यावरचे खड्डे निदान चालकाला जागे तरी ठेवीत, असे उपहासाने म्हटले जाते. त्यातला उपहास सोडला तरी तथ्य उरतेच. स्लीप अ‍ॅप्निया असलेल्या चालकांचा अपघाताचा धोका इतरांच्या सरासरी दोन ते अडीच पट असतो, असे विविध देशांतील अभ्यासांच्या २००९ मधील एकत्रित विश्लेषणात आढळले. संत्र्याचे, कापसाचे, तुरीचे ट्रक रात्री हाकणाऱ्यांत असे किती असतील, याचा विचार वरील टक्केवारी समोर ठेवून करावा.

मग निदान कशाने होते? झोपेची तपासणी करूनच. रुग्णालयात एक रात्र झोपवून मेंदूच्या लहरी, श्वास, छातीची हालचाल, हृदयाचे ठोके आणि प्राणवायू यांची नोंद घेणारी 'पॉलिसॉम्नोग्राफी' ही पूर्ण तपासणी. त्याखालोखाल, संशय दाट असलेल्या आणि इतर गुंतागुंत नसलेल्या रुग्णाला घरी नेता येणारे लहान यंत्र. करोनाकाळात घरोघर आलेले, बोटाला लावायचे ऑक्सिमीटर निदानाला पुरेसे नाही. ते जागेपणी ९८ दाखवते आणि माणूस खूश होतो. या विकारातला प्राणवायू जागेपणी घसरतच नाही, तो झोपेत घसरतो.

तपासणीला कोणाला पाठवावे, हे ठरविण्याची साधी प्रश्नावली टोरांटोच्या डॉ. फ्रान्सिस चुंग यांच्या गटाने २००८ मध्ये तयार केली. दाराबाहेर ऐकू जाईल एवढे घोरणे आहे का, दिवसा थकवा येतो का, झोपेत श्वास थांबलेला कोणी पाहिला आहे का, रक्तदाब आहे का. शिवाय वजन, पन्नाशीपुढचे वय, चाळीस सेंटिमीटरहून जाड मान आणि पुरुष असणे. आठ प्रश्न आणि एक शिंप्याची टेप. हा कागद अमरावतीच्या इर्विनमध्ये, अकोल्याच्या सर्वोपचारमध्ये किंवा कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णाकडून भरून घेता येईल. त्यावरून निदान होत नाही, पण पुढे कोणाला पाठवायचे ते ठरते. रक्ताच्या महागड्या प्रथिनांनी आज एवढेही होत नाही.

रक्त तपासूच नये, असा याचा अर्थ नाही. थायरॉइड, रक्तातील साखरेची तीन महिन्यांची सरासरी, हिमोग्लोबिन हे पाहावेच लागते. अतिस्थूल रुग्णात बायकार्बोनेट ही साधी स्वस्त तपासणी उपयोगी पडते. ते २७ च्या खाली असेल तर दिवसाही कार्बन डायऑक्साइड साठून राहणाऱ्या गंभीर अवस्थेची शक्यता कमी होते. गंमत अशी की पॅकेजच्या जाहिरातीत बायकार्बोनेटचे नाव मोठ्या अक्षरांत कधी दिसत नाही.

उपचारांच्या बाबतीतही भाबडेपणा नको. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये जगापुढे ठेवलेले सीपॅप श्वास मोकळा करते, दिवसाची झोप घालवते, याविषयी वाद नाही. मात्र हृदयविकार असलेल्या २,७१७ रुग्णांवरील २०१६ च्या 'सेव्ह' या मोठ्या अभ्यासात सीपॅपने हृदयविकाराचे झटके वा पक्षाघात कमी झाले नाहीत. रुग्णांनी यंत्र रात्री सरासरी साडेतीन तासही लावले नव्हते, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. दुसरीकडे वजन घटविणाऱ्या टिर्झेपटाइड या इंजेक्शनाला अमेरिकेने डिसेंबर २०२४ मध्ये स्थूल रुग्णांतील स्लीप अ‍ॅप्नियासाठी मान्यता दिली. हेच औषध भारतात मार्च २०२५ मध्ये 'माऊंजारो' या नावाने मधुमेह आणि स्थूलतेसाठी बाजारात आले. या औषधाने श्वासाच्या अडथळ्यांबरोबर सीआरपीही उतरतो. चरबी उतरली की दोन्ही उतरतात, हे २०१४ च्या प्रयोगाशी सुसंगतच आहे. मात्र किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची असल्याने वऱ्हाडात अजून तरी ही चर्चा मोजक्यांपुरती आहे.

व्यावसायिक वाहनचालकांच्या परवान्याचा प्रश्न मात्र मोजक्यांचा नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील वैद्यकीय प्रमाणपत्रात डॉक्टरला फेफरे, चक्कर, दृष्टी, रंगांधळेपणा, बहिरेपणा यांविषयी विचारले जाते. घोरणे किंवा दिवसा येणारी झोप यांविषयी स्वतंत्र प्रश्न नाही. ब्रिटनमध्ये दिवसाच्या झोपेसह मध्यम वा तीव्र स्लीप अ‍ॅप्निया असलेल्या चालकाला परवाना खात्याला कळवावे लागते आणि विकार आटोक्यात येईपर्यंत गाडी चालवता येत नाही. आपल्याकडे असा नियम आला तर पोट हातावर असलेला चालक विकार लपवील, ही भीती रास्त आहे. म्हणून आधी तपासणी आणि यंत्र त्याच्या आवाक्यात यायला हवे आणि नियम त्यानंतर. अकोल्यात २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, अमरावतीत ते २०२४ मध्ये सुरू झाले. प्रादेशिक परिवहन कार्यालय आणि एसटीचा विभाग दोन्ही शहरांत आहे. चालकांच्या नेत्रतपासणीची शिबिरे ही कार्यालये भरवतात. त्याच टेबलावर मान मोजायची टेप आणि आठ प्रश्नांचा कागद ठेवण्यासाठी मुंबईहून मंजुरी यायची वाट पाहण्याचे कारण दिसत नाही.